चाळ कमिटीच्या वहीपासून सोसायटीच्या ठरावापर्यंत

वस्तीचा कारभार आपणच चालवायचा, तर तो नीट समजून घेतला पाहिजे

कामगार वस्तीत राहणाऱ्या आपल्या माणसांना ‘कमिटी’ हा शब्द नवा नाही. नळाला पाणी आले नाही, संडासाचे दार मोडले, जिन्यातला दिवा गेला किंवा कोणाच्या घरी मयत झाली, की पहिले नाव निघते ते कमिटीचे. जयंतीची वर्गणी कमिटीच काढते. वर्षावासात ग्रंथवाचनासाठी सतरंजी कमिटीच अंथरते. शेजाऱ्या-शेजाऱ्यांतले भांडण पोलीस चौकीपर्यंत जाऊ नये म्हणून रात्री अकरा वाजता दोन्ही घरच्यांना समोरासमोर बसवते तीही कमिटीच. दिवसभर कामावर राबून आलेली माणसे एक पैसाही न घेता हे काम करतात. त्याबद्दल वस्तीने त्यांचे ऋण मानलेच पाहिजे.

पण ही कमिटी कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे? तिचा हिशोब कोण तपासतो? तिची निवड शेवटची केव्हा झाली? हे प्रश्न विचारले की बहुतेक ठिकाणी लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. आजवर हे चालून गेले, कारण माणसे एकमेकांना ओळखत होती आणि व्यवहार थोडा होता. आता मात्र वस्त्या बदलत आहेत. चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत, झोपड्यांच्या जागी इमारती येत आहेत, आणि काल भाडेकरू असलेले आपले कुटुंब आज घरमालक होत आहे. घराची मालकी आली, की जबाबदारी आली. ती कशी पेलायची हे समजले नाही, तर मोठ्या कष्टाने मिळालेले घर हातातून जायला वेळ लागत नाही. म्हणून हा लेख.

दोनशे सात चाळी

मुंबईतील बीडीडी चाळींचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची भयंकर टंचाई झाली. तेव्हाचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२० साली, ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ स्थापन झाले. या खात्याच्या आद्याक्षरांवरूनच ‘बीडीडी’ हे नाव पडले. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२ अशा एकूण २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले. मजल्यावर मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. म्हणजे एका चाळीत ८० खोल्या. खोली एकशे साठ चौरस फुटांची आणि संडास सगळ्यांचे मिळून.

या खोल्यांत गिरणी कामगार राहिले, गोदी कामगार राहिले, महापालिकेचे सफाई कामगार आणि पोलीस शिपाई राहिले. कोकण, सातारा, पुणे, नगर येथून आलेल्या आपल्या वाडवडिलांनी येथेच संसार थाटले. १९७४ च्या जानेवारीत वरळीला दंगल पेटली, तेव्हा पँथरच्या तरुणांनी याच चाळींतून मार खाल्ला आणि मान ताठ ठेवली. जांबोरी मैदानाने किती सभा ऐकल्या असतील, त्याची गणती नाही.

या चाळींच्या पुनर्विकासाचा निर्णय राज्य शासनाने २०१६ साली घेतला आणि काम म्हाडाकडे दिले. २०१७ साली भूमिपूजन झाले. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील १९५ चाळींतील सुमारे साडेपंधरा हजार कुटुंबांना प्रत्येकी ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर, अशी ही योजना आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना घराच्या चाव्या मिळाल्या. ज्या आजीने उभे आयुष्य संडासाच्या रांगेत काढले, तिला चाळीसमजली इमारतीत स्वतःचे न्हाणीघर मिळाले. ही आनंदाचीच गोष्ट आहे.

पण चाळीत भिंतीला तडा गेला, तर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नावाने बोटे मोडता येत होती. टॉवरची लिफ्ट बंद पडली, तर बोटे कोणाच्या नावाने मोडणार? तेथे मालक आपणच आहोत. आणि ही गोष्ट बीडीडीपुरती नाही. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाल्यापासून मुंबईतील कितीतरी वस्त्यांनी हा बदल अनुभवला आहे.

सभा आणि ठराव हा आपलाच वारसा

सोसायटी, कोरम, ठराव, गुप्त मतदान हे शब्द ऐकले की आपल्यातील पुष्कळ जण म्हणतात, “हे शिकलेल्यांचे काम. आपल्याला काय कळणार?” हा न्यूनगंड आधी काढून टाकला पाहिजे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते, की संसदीय कामकाजाची पद्धत भारताला अपरिचित नव्हती. भिक्खू संघात बसण्याच्या जागेचे, प्रस्तावाचे, ठरावाचे, गणपूर्तीचे, मतमोजणीचे आणि गुप्त मतदानाचे नियम होते, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. विनयपिटकात हे सारे तपशिलाने आले आहे. संघापुढे मांडलेल्या प्रस्तावाला ‘ञत्ति’ म्हणत. महत्त्वाच्या कामात प्रस्ताव मांडून तो तीन वेळा जाहीर करीत आणि कोणी हरकत घेतली नाही तरच तो संमत होई. वेगवेगळ्या कामांसाठी चार, पाच, दहा किंवा वीस भिक्खूंची गणपूर्ती ठरलेली होती. मतभेद झाला तर ‘सलाका’, म्हणजे लाकडी काड्या, वाटून मतदान होई. ते गुप्त, कानात सांगून किंवा उघड अशा तीन पद्धतींनी घेता येई. मते गोळा करणारा भिक्खू कसा असावा? तर जो आवडीने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने वाकणार नाही असा. आजच्या निवडणूक अधिकाऱ्यालाही याहून चांगली कसोटी लावता येणार नाही.

महापरिनिब्बान सुत्तात वज्जींच्या गणराज्याविषयी भगवंतांनी जे सांगितले, त्यातील पहिल्या गोष्टी कोणत्या? लोकांनी वारंवार सभेला जमावे, एकोप्याने बसावे, एकोप्याने उठावे आणि आपली कामे एकोप्याने करावीत. जोवर हे चालेल, तोवर वज्जींची हानी होणार नाही. आपल्या सोसायटीच्या सभेलाही हेच लागू आहे.

बाबासाहेबांनी स्वतः काय केले तेही पाहण्यासारखे आहे. १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे त्यांचे बिऱ्हाड परळच्या बीआयटी चाळीत, पन्नास आणि एक्कावन्न क्रमांकाच्या खोल्यांत होते. चाळीचे जीवन त्यांनी आतून पाहिले होते. १९२४ साली त्यांनी ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ उभी केली, ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली रीतसर नोंदवून. तिला अध्यक्ष, कार्यकारी मंडळ, चिटणीस, खजिनदार असे सर्व काही होते. लोकांनी विश्वासाने दिलेल्या पैशाला नियमाचे कुंपण हवे, हा धडा त्यांनी आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच दिला आहे.

मंडळ वेगळे, सोसायटी वेगळी

आपल्याकडे एक घोटाळा नेहमी होतो. जयंती मंडळाचे अध्यक्ष, विहाराचे विश्वस्त आणि चाळ कमिटीचे चिटणीस बहुधा तीच माणसे असतात. म्हणून तिन्हींचा पैसा एकाच पेटीत जातो आणि एकाच वहीत लिहिला जातो. माणसे प्रामाणिक असली तरी ही पद्धत चुकीची आहे.

विहार, वाचनालय, सांस्कृतिक मंडळ या संस्था संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखाली येतात. त्यांच्यावर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. दरवर्षी हिशोब तपासून सादर करावा लागतो. विश्वस्त बदलले तर नव्वद दिवसांत ‘बदल अर्ज’ द्यावा लागतो. पुष्कळ मंडळांच्या दप्तरी आजही दिवंगत झालेल्या विश्वस्तांचीच नावे आहेत. उद्या जागेचा वाद उभा राहिला, तर कोर्टात उभे कोण राहणार? नोंदणी नसलेल्या मंडळाला उत्सवासाठी वर्गणी जमवायची असेल, तर त्यासाठीही धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते.

सहकारी गृहनिर्माण संस्था मात्र १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली नोंदली जाते. तिची देखरेख उपनिबंधकांकडे असते. तिचा पैसा इमारतीसाठीच वापरायचा असतो. सोसायटीच्या खात्यातून जयंतीचा मंडप घालायचा नाही, आणि विहाराच्या दानपेटीतून पाण्याच्या पंपाची दुरुस्ती करायची नाही. दोन्ही कामे चांगली आहेत, पण दोन्हींचे खाते स्वतंत्र हवे. इमारतीत सर्व जातिधर्मांची माणसे राहणार, म्हणून तर ही शिस्त अधिकच पाळली पाहिजे. बोट दाखवायला कोणाला जागाच ठेवू नये.

दरमहाचे बिल

नव्या घरात गेलेल्या कुटुंबाला पहिला धक्का बसतो तो महिन्याच्या बिलाचा. चाळीचे भाडे नाममात्र होते. टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, पहारेकरी, सफाई, आग विझवण्याची यंत्रणा या सर्वांचा खर्च सभासदांनीच वाटून घ्यायचा असतो.

आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क प्रत्येक घराला सारखे असते, घर लहान असो की मोठे. पाण्याचा आकार घरातील नळजोडांच्या प्रमाणात बसतो. शिवाय दोन निधी असतात. दुरुस्ती निधी हा घराच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का, आणि सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या पुनर्बांधणीसाठी राखायचा निधी, वर्षाला किमान पाव टक्का. समजा, एका घराचा बांधकाम खर्च वीस लाख रुपये धरला, तर दुरुस्ती निधीचे वर्षाला पंधरा हजार आणि सिंकिंग फंडाचे पाच हजार रुपये होतात. म्हणजे महिन्याला सुमारे १,६६७ रुपये नुसत्या निधीचे. सेवाशुल्क, पाणी आणि महापालिकेचा कर त्यावर.

हे बिल थकले तर सोसायटीला थकबाकीवर वर्षाला एकवीस टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येते. महिन्याला अडीच हजार रुपयांचे बिल वर्षभर भरले नाही, तर तीस हजार मुद्दल आणि वर्षअखेर सुमारे तीन हजार चारशे रुपये व्याज. तरीही भरले नाही, तर सोसायटी उपनिबंधकांकडून वसुलीचा दाखला मिळवू शकते आणि त्याच्या जोरावर जप्तीपर्यंत जाता येते. मग घरात भांडण होते, कोणी दलाल येतो, “विकून टाका, अंबरनाथला दोन घरे घ्या,” असा सल्ला देतो, आणि तीन पिढ्यांनी जपलेली मुंबईतली जागा जाते.

यावर उपाय घरातच आहे. नवे घर मिळण्याआधीच दरमहा काही रक्कम बँकेत वेगळी टाकण्याची सवय लावा. बिल महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भरा. अडचण आली तर तोंड लपवू नका. कमिटीला लेखी अर्ज देऊन हप्ते मागा. आणि कमिटीनेही एखाद्याची नोकरी गेली, आजारपण आले, तर त्याचे नाव फलकावर झळकवण्याआधी त्याच्या घरी जाऊन विचारपूस करावी. चाळीतली माणुसकी टॉवरमध्ये नेता येते. त्यासाठी लिफ्टचेही भाडे पडत नाही.

सभेला कोण जाते?

दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घेणे सोसायटीला बंधनकारक आहे. सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी मिळाली पाहिजे. तिच्यासोबत हिशोबपत्रके पाहायला मिळाली पाहिजेत. सभासदांपैकी एकपंचमांश लोकांनी लेखी मागणी केली, तर विशेष सभाही बोलवावी लागते. सोसायटीची कागदपत्रे पाहण्याचा आणि ठरलेली फी भरून त्यांच्या नकला घेण्याचा सभासदाला हक्क आहे. हे हक्क कोणी मेहरबानीने दिलेले नाहीत, कायद्याने दिलेले आहेत.

पण हक्क वापरायला सभेला जावे लागते. येथे दुसऱ्या कोणाला आपल्या वतीने मुखत्यार म्हणून मतदानाला पाठवता येत नाही. पुष्कळ घरांत सभेच्या दिवशी मालिका किंवा क्रिकेटचा सामना असतो. सभेत वीस माणसे जमतात, ठराव होतो, आणि मग उरलेले ऐंशी जण सहा महिने जिन्यात उभे राहून कुरकुर करतात. सभेत गप्प बसायचे आणि जिन्यात बोलायचे, याने कारभार सुधारत नाही.

कमिटीत राखीव जागाही आहेत. शंभरपर्यंत सभासद असलेल्या सोसायटीच्या अकरा जणांच्या समितीत दोन जागा महिलांसाठी, एक अनुसूचित जाती-जमातींसाठी, एक इतर मागासवर्गीयांसाठी आणि एक भटक्या-विमुक्त व विशेष मागासप्रवर्गासाठी असते. या जागा रिकाम्या ठेवून कारभार चालवणाऱ्या सोसायट्या कमी नाहीत. मिश्र वस्तीच्या इमारतीत राहणाऱ्या आपल्या बांधवांनी, “तिकडे आपले कोण ऐकणार,” असे म्हणून ती जागा सोडू नये. अर्ज भरावा.

आणि महिलांच्या दोन जागा म्हणजे दोनच महिला, असेही नाही. सर्वसाधारण जागांवरही त्या उभ्या राहू शकतात. पाणी किती वाजता येते, कचरा कोण उचलत नाही, कोणत्या मजल्यावर दिवा नाही, हे घर चालवणाऱ्या बाईला जितके ठाऊक असते तितके कोणाला असते? भिशीचा पै-पैचा हिशोब तोंडपाठ ठेवणारी आपली माय-भगिनी खजिनदार का होऊ नये? फक्त एक काळजी घ्यावी. सही तिची आणि कारभार नवऱ्याचा, असे होऊ देऊ नये.

घर कोणाच्या नावावर?

खोली वडिलांच्या नावावर, वडील वारले, आणि मग भावाभावांत कोर्टकज्जे, ही गोष्ट प्रत्येक चाळीत घडलेली आहे. म्हणून सभासदाने नामनिर्देशन वेळीच करावे. पण एक ध्यानात ठेवा. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. सभासद वारल्यावर सोसायटीने कोणाच्या नावे सभासदत्व करायचे, एवढेच नामनिर्देशनाने ठरते. खरा वारस कोण आणि त्याचा वाटा किती, हे वारसा कायद्याने ठरते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ साली इंद्राणी वाही यांच्या प्रकरणात हा फरक स्पष्ट केला आहे.

१९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, आई, मुलगा आणि मुलगी यांचा सारखा वाटा असतो. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा हक्क जात नाही. स्त्रियांच्या याच हक्कांसाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल आणले, आणि ते रखडले हे १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडण्याचे एक कारण होते. तेव्हा बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेताना भावाने हे आठवावे. झोपडपट्टी पुनर्वसनातील घर तर पती-पत्नी दोघांच्या नावे द्यायचे असते. करारावर आपले नाव आहे की नाही, हे प्रत्येक गृहिणीने स्वतः वाचून पाहावे. वाचता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्यावे.

विहार आणि वाचनालय विसरू नका

चाळी पाडताना घरांचा विचार होतो, पण तळमजल्यावरच्या विहाराचे, वाचनालयाचे, बालवाडीचे काय? त्याचा कागद नसेल, तर नकाशातही ते नसते. म्हणून पुनर्विकासाची चर्चा सुरू होताच विहाराची नोंदणी, जागेचे क्षेत्रफळ, वीजबिल, कराची पावती, जुनी छायाचित्रे यांची फाईल तयार करावी. विश्वस्त संस्थेच्या मिळकतीची नोंद धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्टात आहे का, ते तपासावे. नव्या इमारतीच्या नकाशात जागा दाखवल्याचे लेखी घ्यावे. पुढाऱ्याने व्यासपीठावरून दिलेला शब्द नकाशाच्या कामाला येत नाही.

आजपासून करण्याजोगे

१. मंडळ, विहार आणि सोसायटी किंवा चाळ कमिटी, तिन्हींची वही आणि बँक खाते स्वतंत्र करा.

२. वर्गणीची पावती द्या आणि जमाखर्च कार्यक्रमानंतर फलकावर लावा.

३. प्रत्येक सभेचे इतिवृत्त लिहा आणि ते पुढच्या सभेत वाचून कायम करा.

४. उपविधींचे पुस्तक घरोघरी ठेवा. वर्षावासात ग्रंथवाचनाला लोक जमतातच. वाचन संपल्यावर एखाद्या दिवशी दहा मिनिटे उपविधीही समजावून सांगा.

५. नामनिर्देशनाचा अर्ज भरला का, हे आपल्या मजल्यावरील प्रत्येक घराला विचारा, विशेषतः जेथे एकटी आजी किंवा विधवा भगिनी राहते तेथे.

६. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मुला-मुलींना हिशोब लिहायला बसवा. त्यांचे शिक्षण वस्तीच्या कामाला येऊ द्या.

बंधू-भगिनींनो, आपल्या वाडवडिलांनी एकशे साठ चौरस फुटांत आठ-आठ माणसांचे संसार केले, मुले शिकवली आणि चळवळही चालवली. पाचशे फुटांच्या घरात आपण त्याहून कमी करून चालणार नाही. वज्जींविषयी भगवंतांनी सांगितलेली पहिली अट आपल्याला सहज पाळता येण्यासारखी आहे. पुढच्या सभेची नोटीस जिन्यात लागली, की तारीख कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशी घरातील एका तरी जबाबदार माणसाने, हिशोबाचे पत्रक वाचून, सभेत हजर राहा.